केसरबाईंची बुचं

दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार होता. मुरुडला पाहुण्यांची झुंबड उडालेली, आणि हितेशच्या लॉजवरून काळूरामला फोन आला.

"काका, जरा येऊन जा. काकी इथंच आहेत. घाबरू नका, काही झालेलं नाही. पण तुम्ही या."

काळूराम चपला घालून निघाला. कोळीवाड्यापासून लॉज दहा मिनिटांच्या वाटेवर. एवढ्या वाटेत त्याच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. केसर पडली असेल, चक्कर आली असेल, कुणाच्या गाडीचा धक्का लागला असेल. प्रत्यक्षात ती लॉजच्या मागच्या पडवीत खाली बसली होती, पदर खोचून, निवांत. समोर पाण्याच्या बाटल्यांचे खोके. एकेक भरलेली बाटली उचलायची, सील पिरगळून बूच काढायचं, ते कापडी पिशवीत टाकायचं आणि बाटली तशीच उघडी परत रांगेत ठेवायची, असं तिचं चाललं होतं. दोन खोके झाले होते. तिसरा अर्ध्यावर आला होता.

"केसर, काय करतंस गो?"

"बुचं घेतंय," ती वर न बघता म्हणाली. "परवा यायचं व्हतं, जमलंच न्हाय."

हितेश खांबाला टेकून उभा होता. तसा भला माणूस, बाप गुजरातेतून आलेला आणि हा इथंच वाढलेला. त्याने काळूरामला बाजूला घेतलं. "बाटल्यांचं सोडा काका. ते पाणी स्वयंपाकाला वापरू. पण काकी या आठवड्यात तीनदा आल्या. आणि तिन्ही वेळा म्हणाल्या, महिन्याने आले बाबा, साठली असतील."

काळूरामने बायकोला हाताला धरून उठवलं. ती मुकाट्याने उठली. वाटेत पिशवीतली बुचं खुळखुळत होती आणि तिचा चेहरा काम उरकून आलेल्या माणसासारखा समाधानी होता. त्या चेहऱ्याचीच काळूरामला भीती वाटली.

केसर कोळीवाड्यातल्या अंगणवाडीची बाई. तीस वर्षं तिने तिथे काढली. गावातल्या निम्म्या माणसांचं वजन तिने पहिल्यांदा काट्यावर घेतलेलं, निम्म्यांना पहिलं अक्षर तिने गिरवून दिलेलं. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी अंगणवाडीतल्या एका दोन वर्षांच्या पोराच्या घशात बाटलीचं बूच अडकलं. किनाऱ्यावर सापडलेलं, लाल रंगाचं. पोर निळं पडायला लागलं. केसरने त्याला मांडीवर पालथं घातलं, पाठीत थापट्या दिल्या आणि तोंडात बोट घालून ते बूच ओढून काढलं. पोर वाचलं. पण त्या संध्याकाळी तिने जेवण केलं नाही. ओट्यावर बसून ते बूच हातात फिरवत राहिली.

निवृत्त झाल्यावर तिने बुचं गोळा करायचंच काम घेतलं. शाळेतल्या मृणालबाईंनी तिला सांगितलं, की पेणच्या बाजूला एक कारखाना आहे, तिथे बुचं वितळवून त्यांच्या कुंड्या आणि बाकं करतात. गाडी पाठवतात, पण गाडीभर माल असला तरच. मग केसरने लॉजवाल्यांकडून वीस लिटरचे फुटके जार मागून आणले, त्यांच्या तोंडाला फट पाडली आणि दहा-बारा ठिकाणी नेऊन ठेवले. लॉज, शाळा, देऊळ, मशिदीजवळचं किराणा दुकान, बंदरावरचं मनुबाईचं चहाचं खोपटं. दर महिन्याला ती फिरायची. जमलेली बुचं घरी आणायची, गोड्या पाण्यात खळबळून धुवायची, आतली पातळ चकती नखाने काढायची, आणि रंग वेगळे करून गोणी भरायची.

काळूराम तेव्हा अजून बोटीवर तांडेल होता. आठ खलाशी त्याच्या शब्दावर चालायचे. घरी आला की पडवीत बुचं वाळत घातलेली असायची आणि पाय ठेवायला जागा नसायची. "म्हावरं वाळवायच्या जागेवर कचरा वाळवतंस," तो कुरकुरायचा. ती हसून म्हणायची, "तुमच्या जाल्यात आता म्हावऱ्यापेक्षा ह्योच जास्ती येतो. मग मी वाळवला तर काय बिघडलं?" तो आत जाऊन आडवा व्हायचा. आणि खरं सांगायचं तर त्याने तिच्याकडे कधी नीट लक्षच दिलं नाही. समुद्रावरून आलेल्या माणसाला झोप पाहिजे असते, जेवण पाहिजे असतं. तेवढं मिळत होतं.

लॉजच्या प्रकारानंतर पनवेलहून मुलगी राही आली. दोघांनी मिळून केसरला एसटीने अलिबागला नेलं. डॉक्टरांनी तिला आज कोणता वार, आपण कुठे आहोत, शंभरातून सात गेले किती, असं विचारलं. वार तिला सांगता आला नाही. मग ती डॉक्टरांनाच म्हणाली, "तुमचं वजन उंचीच्या मानाने कमी आहे. शेंगदाणे-गूळ खात जा." राहीला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाचा आजार आहे, दीड-दोन वर्षांपासून असणार. गोळ्या देतो. पण हे मागे फिरणारं नाही.

"दोन वर्षं?" काळूराम म्हणाला. "मंग माला कसं कललं न्हाय?"

डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागले.

राही म्हणाली, पनवेलला चला दोघं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत केसरचं काय होईल हे काळूरामला कळत होतं. तो नको म्हणाला. बोट त्याने वर्षभरापूर्वीच सोडली होती, गुडघे काम देत नव्हते. आता तो मोकळाच होता.

केसर घरात बसायला तयार नव्हती. सकाळ झाली की पिशवी घेऊन दारात उभी. म्हणून मग तोच तिच्याबरोबर जायला लागला. पहिले काही दिवस त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बंदरात त्याच्या हाकेला माणसं धावायची, तिथे तो बायकोच्या मागून बुचांची गोण खांद्यावर टाकून चालत होता. लोकांच्या नजरा त्याला दिसत होत्या.

हळूहळू त्याच्या वेगळंच लक्षात यायला लागलं. केसर दारात गेली की माणसं उठून उभी राहत होती. किराणा दुकानातले म्हातारे चाचा आतून खुर्ची आणून तिला देत आणि म्हणत, "बाई, आमच्या रुबीनाला तुम्ही शाळेत घालायला लावलंत. आता ती नर्स आहे, अल्लाची मेहरबानी." एका लॉजवर भांडी घासणारी बाई तिच्या पाया पडली. काळूराम बाजूला उभा राहून ऐकत होता. चाळीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला, तिच्याविषयी त्याला इतकं काही माहीत नव्हतं. केसरला मात्र आता यातलं काही आठवत नव्हतं. ती सगळ्यांकडे बघून हसायची आणि विचारायची, "बुचं साठली काय?"

तो तिचं काम शिकला. लाल कुठली, निळी कुठली, तेलाच्या कॅनची पिवळी वेगळी का ठेवायची. पडवीत बसून दोघं बुचं निवडायची. रंग तिचे तेव्हा कधी चुकले नाहीत. माणसांची नावं गेली, राहीचं नाव गेलं, जेवलो की नाही ते गेलं, पण निळ्यात पांढरं बूच पडलं तर ती त्याच्या हातावर चापट मारायची. ते दोन-तीन महिने काळूरामला बरे वाटले. पडवीत ऊन यायचं, बुचांचा खुळखुळ आवाज, आणि ती मधूनच अंगणवाडीचं एखादं गाणं म्हणायची. कधीकधी त्याला वाटायचं, एवढं राहिलं तरी पुष्कळ झालं.

चैत्र संपता संपता गोणी तीसच्या वर गेल्या. पडवी भरली, मागची खोली भरली. मृणालबाई येऊन बघून गेल्या. "काका, आता गाडी बोलावू या. पाऊस लागायच्या आत गेलेलं बरं. आणि त्या दिवशी काकींचा सत्कार करू. शाळेतली मुलं येतील. चार वर्षं खपल्या आहेत त्या."

काळूरामला बरं वाटलं. राहीने पनवेलहून हिरवं लुगडं पाठवलं. गाडी यायच्या दिवशी शेजारच्या नीराबाईने केसरला न्हाऊ घालून ते नेसवलं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला. ओट्यावर खुर्ची मांडली. मुलं रांगेत बसली. मृणालबाईंनी शाल घातली, नारळ दिला, चार शब्द बोलल्या. केसर सगळ्यांकडे बघत होती. मुलं समोर बसलेली बघून ती खुशीत होती. "आवाज न्हाय करायचा," असं एकदोनदा म्हणालीसुद्धा.

मग गाडीवरची दोन माणसं पडवीत शिरली आणि पहिली गोण उचलून बाहेर आली.

केसर खुर्चीवरून उठली. नारळ मांडीवरून पडला. "ओ, कुठं नेताय? ठेवा ते," ती म्हणाली. माणसं थांबली. "पोरांचा खाऊ हाय तो. महिन्याचा आलाय. तुम्हाला कुणी सांगितलं न्यायला?"

कुणालाच काही कळलं नाही. काळूरामलाही कळायला वेळ लागला. अंगणवाडीत दर महिन्याला पोरांच्या खाऊच्या गोणी यायच्या, आणि केसर त्यांची राखण जिवापाड करायची. एकदा कुणीतरी दोन गोणी परस्पर लांबवल्या होत्या, तेव्हा ती एकटी पंचायतीत जाऊन बसली होती आणि गोणी परत आल्याशिवाय उठली नव्हती.

"केसर, ती बुचं हायत," काळूराम जवळ जाऊन म्हणाला. "आपणच जमवली ना. कारखान्यात चाललीत."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याने आधी कधी पाहिली नव्हती. परक्या माणसाकडे बघावं तशी ती बघत होती.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं. अंगणवाडीत वरिष्ठांशी बोलायची तशा शुद्ध भाषेत. "तुमची सही कुठे आहे? सही असल्याशिवाय मी गोण देणार नाही. ही पोरं उपाशी बसली आहेत, दिसत नाही तुम्हाला?"

समोरची मुलं एकमेकांना चिकटून बसली. मृणालबाईंनी त्यांना हळूच उठवून बाहेर न्यायला सुरुवात केली, तेव्हा केसर आणखीच बिथरली. "अहो, त्यांना कुठे नेता? खाल्लं नाही त्यांनी अजून." ती गोणीला मिठी मारून खाली बसली. नवं लुगडं धुळीत लोळलं.

गाडीवाला काळूरामजवळ आला. "काका, काय करू? राहू दे का? मी आपला रिकामा जातो."

काळूरामने गोणींकडे पाहिलं. गोणी तिच्या एकटीच्या नव्हत्या. लॉजवाल्यांनी, शाळेतल्या मुलांनी, सगळ्या गावाने जमवलेलं होतं ते. पावसात पडवी गळते, गोणी कुजल्या असत्या. आणि तिनेच, शहाणी होती तेव्हा तिनेच, गाडीची वाट चार वर्षं बघितली होती. असा सगळा विचार त्याने केला की नंतर रचला, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तो म्हणाला, "भर."

त्याने केसरला मागून धरलं. ती म्हातारी बाई, पण जोर एवढा की त्याचे दंड भरून आले. एकेक गोण तिच्यासमोरून गेली. सुरुवातीला ती ओरडत होती, मग हात जोडायला लागली. "दोन तरी ठेवा. दोन ठेवा ओ. उद्या मी काय देऊ पोरांना?" नीराबाई तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. शेवटची गोण गेली, गाडी सुरू झाली, आणि केसर त्याच्या हातात एकदम सैल पडली.

संध्याकाळपर्यंत ती ते विसरलीसुद्धा. काळूरामने दिलेला भात तिने खाल्ला. तोंडदेखलं हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली नाही. रिकाम्या पडवीत जाऊन बसली आणि कुणी नसलेल्या जागेकडे बघून म्हणाली, "आज खाऊ न्हाय रे. उद्या येईल हां." दुसऱ्या दिवशीही तेच. आठ-दहा दिवस तेच. मग तेही थांबलं.

काळूरामला वाटलं, तिचे हात रिकामे झाले म्हणून असं झालं. तो हितेशकडे गेला आणि जारमध्ये उरलेली बुचं घेऊन आला, ओंजळ-दोन ओंजळ. सुपात घालून तिच्यापुढे ठेवली. "बघ, निळी वेगळी कर." तिने एक उचललं, उलटसुलट केलं, वास घेतला आणि सरळ तोंडात टाकलं. त्याने जबडा धरून आतून बोटाने ते काढलं. ती त्याच्या बोटाला चावली, मग घाबरून रडायला लागली. त्यानंतर त्याने घरात एक बूच ठेवलं नाही.

पाऊस लागला. बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. केसर अंथरुणाला लागली. बोलणं जवळजवळ गेलंच. मधूनच एखादा शब्द, तोही कुणासाठी कळत नव्हतं. काळूराम तिला भरवायचा, पुसायचा, कुशीवर वळवायचा. राही दर पंधरा दिवसांनी यायची आणि जाताना बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची. तो तिला म्हणायचा, "तिला कायबी दुखत न्हाय. ते तरी बरं." पण रोज सकाळी तो गोणींच्या दिवसाचा हिशेब मनाशी घालायचा. दोन ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? दोनच मागितल्या होत्या तिने.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या. एक दिवस मृणालबाई आल्या आणि संकोचत म्हणाल्या, "काका, जार पुन्हा भरलेत. लोक विचारतात. तुम्हाला जमत नसेल तर आम्ही शाळेतून बघू."

त्याला नाहीच म्हणायचं होतं. पण नीराबाई म्हणाली, "जा तुमी. मी बसतंय तिच्याजवल. घरात बसून तुमी बी सुकलाव." तो गेला. बुचं घरी आणायची नाहीत, शाळेत नेऊन टाकायची, एवढं मात्र त्याने ठरवलं.

फिरता फिरता त्याच्या ध्यानात आलं की आपण त्या वाटेला परत परत जातोय, ते बुचांसाठी नाही. दारोदार कुणीतरी केसरची चौकशी करत होतं, काहीतरी सांगत होतं. घरी ती बोलत नव्हती. इथे तिच्याविषयी कानावर पडत होतं.

मनुबाईच्या खोपट्यावर तो शेवटी जायचा. मनुबाई सत्तरीची, नवरा वादळात गेलेला, एकटीच चहा विकते. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. तिने त्याच्यापुढे कप ठेवला आणि विचारलं, "कशी हाय?"

"हाय तशीच. माला एकच खातंय गो. दोन वर्षं तिला व्हत व्हतं, आनि मी घरात असून माला दिसलं न्हाय. तिला बी कललं न्हाय."

मनुबाईने चुलीतला लाकडाचा तुकडा पुढे सारला. मग म्हणाली, "तिला ठावं व्हतं."

काळूरामने मान वर केली.

"तुमी बोटीवर व्हताव तवा. एक दिस हितं आली, हितंच बसली, ह्या फळीवर. माला म्हनली, मनुबाय, माला घर कुठल्या अंगाला ते आठवत न्हाय. मी हसलंय आधी. मंग तिच्या डोल्यांत पानी बघितलं. हात धरून तुमच्या दारापरत नेलं. मंग असं तीन-चार येला झालं. दर येला हितं यायची, बसायची, मी पोचवायचंय. बुचं न्यायला आली असंच समद्यांना वाटायचं."

"माला का न्हाय सांगितलं?"

"मी म्हनलं व्हतं, सांग त्याला. तर म्हनली, तो दर्यात जातो. दर्यात जानाऱ्याचं ध्यान घरात अडकलं तर त्याचं काय खरं? तुझा गेला ना, म्हनली. बोट सोडेल तवा सांगीन." मनुबाईने चुलीत फुंकर घातली. "बोट तुमी सोडलीव. पन तवर ती सांगायचंच इसरली असंल."

चहावर साय धरली होती. समोर भरती लागत होती आणि दोन होड्या दोरीला ताण देत हलत होत्या. काळूरामने कप उचलला, तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला. एक गिऱ्हाईक येऊन चहा पिऊन गेलं. मनुबाईने त्याचा गार झालेला चहा ओतून टाकला आणि दुसरा ठेवला.

"घरी जावा आता," ती म्हणाली. "नीरा वाट बघंल."

"जातंय," तो म्हणाला. पण उठला नाही. फळीवर थोडा सरकून बसला आणि म्हणाला, "मनुबाय, परत सांग. पयल्या दिवशी आली, तवापासून सांग."

मनुबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग ती चुलीसमोरून उठून त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.